हातातली रोकडही मोजा: राज्यातल्या डॉक्टरांना खुले पत्र

महाराष्ट्रातले फॅमिली डॉक्टर, फिजिशियन आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नवे डॉक्टर घडवणारे प्राध्यापक यांना,



मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे. वय ४४. गेली १९ वर्षं सकाळी साडेदहाला काउंटर उघडते आणि नोटा मोजायला बसते. हे पत्र लिहायला मला तीन रविवार लागले, कारण एका बैठकीत एवढं लिहून होत नाही.

थकवा हा शब्द तुम्ही दिवसातून वीस वेळा ऐकत असाल, म्हणून माझा थकवा कसा असतो ते आधी सांगते. शंभर नोटांच्या पुडक्यातल्या साठेक मोजून झाल्या की माझा हात खाली येतो. बोटं दुखत नाहीत, झोप आलेली नसते, मोजणीही चुकत नाही. हात वर राहत नाही, एवढंच. मग पुडकं टेबलावर टेकवायचं, कोपराचा आधार घ्यायचा आणि उरलेल्या चाळीस मोजायच्या. संस्थेत नोटा मोजायचं मशीन आलं त्या संध्याकाळी मी घरी जाऊन रडले होते. घरच्यांना वाटलं, नोकरी गेली.

माझ्या आजाराचं नाव कॉर्टिकोस्टेरॉइड बाइंडिंग ग्लोब्युलिनची आनुवंशिक कमतरता. त्या ग्लोब्युलिनला सीबीजी म्हणते, सोपं पडेल. तुमच्यापैकी बहुतेकांनी असा रुग्ण पाहिलेला नसेल आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जगभरात नोंद झालेली कुटुंबं थोडीच आहेत. तक्रार आहे ती हे नाव कळेपर्यंतच्या पंधरा वर्षांत मला जी वागणूक मिळाली तिच्याबद्दल, आणि ती दुर्मीळ नाही. ती तुमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर आजही कुणाच्या तरी वाट्याला येत असेल.

विशीच्या अखेरीस मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब ९०/६०. हिमोग्लोबिन बरं, थायरॉइड बरं, साखर बरी. "सगळं नॉर्मल आहे, ताई. मनावर घेऊ नका, मीठ-साखरेचं पाणी पीत जा." पुढच्या सहा-सात वर्षांत चार डॉक्टर झाले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, मग झोपेची आणि मग नैराश्याची. प्रत्येक फाइलवर कुठे ना कुठे अँग्झायटी हा शब्द आला, आणि एकदा तो आला की पुढचा डॉक्टर आधी तो वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. मला चिंता होती, हे खरं आहे. सकाळी उठून भाकरी थापायच्या की ऑफिसला जायचं, दोन्ही होणार नाही, याची चिंता कुणालाही असेल. थकव्यामुळे चिंता वाढली होती. कागदावर मात्र चिंतेमुळे थकवा असं उलटं लिहिलं गेलं.

मग एका डॉक्टरांनी सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं. त्यांचे मी आजही आभार मानते, कारण इतक्या वर्षांत नवं काहीतरी शोधावं असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. रिपोर्टमध्ये आकडा आला १.५. एरवी सकाळी तो सहा-सातच्या खाली नसतो, वीसपर्यंतही जातो. कॉर्टिसॉल बनवायला सांगणाऱ्या एसीटीएच या हार्मोनचं इंजेक्शन देऊन तासाभरानं पुन्हा रक्त घेतलं. आकडा अठराच्या पुढे जायला हवा होता, तो सहालाही पोचला नाही. दवाखान्यात एकदम धावपळ झाली. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय झाला, तो स्वच्छ निघाला. तरी निदान झालं की शरीरात कॉर्टिसॉल तयारच होत नाही, आणि स्टेरॉइडची गोळी सुरू झाली. "आता जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही, जिवावर बेतेल."

चार वर्षं घेतली. चेहरा गोल झाला, वजन अकरा किलोंनी वाढलं, जेवणानंतरची साखर वर जायला लागली. पहिले दोन महिने जरा हुशारी वाटली, मग थकवा होता तिथेच. बाजारात लोक म्हणायचे, "तब्येत छान सुधारली की!"

त्या चार वर्षांत एक गोष्ट कागदावर सगळ्यांच्या समोर होती. माझं एसीटीएच नॉर्मल होतं. सोडियम, पोटॅशियम नॉर्मल. मला कधी उलट्या झाल्या नव्हत्या, ताप आला म्हणून मी कधी कोसळले नव्हते, कातडी काळवंडली नव्हती. इतकी वर्षं ज्या बाईच्या अंगात कॉर्टिसॉल जवळपास नाहीच, ती रोज एसटीनं नोकरीला कशी जाते, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तो विचारला शेवटी एका हार्मोनतज्ज्ञ बाईंनी. फाइल बाजूला ठेवून त्यांनी पहिला प्रश्न केला, "आईवडिलांचं लग्न नात्यातलं का?"

आहे. माझी आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या भागात हे नवल नाही, मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानायचे. पंधरा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला.

पुढचं जे त्यांनी समजावलं ते मला लगेच कळलं, कारण माझं कामच ते आहे. आमच्या संस्थेत दिवसाअखेर जी एकूण शिल्लक लिहिली जाते, तिच्यातली बहुतेक रक्कम तिजोरीत असते. काउंटरवर माझ्या हाताशी थोडी रोकड असते, आणि दिवसभराचे व्यवहार त्या थोड्या रोकडीवर चालतात. रक्तातल्या कॉर्टिसॉलचं असंच आहे. त्यातलं ऐंशी ते नव्वद टक्के सीबीजी या यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनाला बांधलेलं असतं, काही अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, आणि मोकळं असतं जेमतेम पाच टक्के. पेशींच्या कामाला येतं ते हे मोकळं. आपल्याकडे लॅबमध्ये नेहमी होणारी तपासणी एकूण शिल्लक मोजते. माझ्याकडे तिजोरीच नाही. त्यामुळे एकूण आकडा भीती वाटावी इतका खाली, आणि हातातली रोकड जागच्या जागी. शरीराला मोकळं कॉर्टिसॉल पुरेसं मिळतंय म्हणून मेंदू एसीटीएच वाढवत नाही.

बाईंनी गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत. थोड्या थोड्या करत उतरवायला आठ महिने लागले, कारण चार वर्षांच्या गोळीनं माझ्या कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी खरोखरच सुस्तावल्या होत्या. (हे पत्र वाचून कुणीही आपली स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये, ही हात जोडून विनंती. ज्यांना ती खरोखर लागते त्यांच्यासाठी ती प्राण आहे.) मग लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. कापसाचा बोळा दोन मिनिटं तोंडात धरायचा, नळीत टाकायचा, झालं. लाळेत बांधलेलं कॉर्टिसॉल जवळपास उतरत नाही, मोकळंच उतरतं. चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवली, कॅन बर्फाच्या पिशवीत घालून मांडीवर घेऊन एसटीतून तालुक्याला गेले. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. शेवटी जनुकाची तपासणी झाली. चौदाव्या गुणसूत्रावरच्या सर्पिना ६ या जनुकाच्या माझ्याकडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

एवढं सांगितल्यावर आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार अशी की एकूण आणि मोकळं हा फरक तुम्हाला शिकवावा लागत नाही. थायरॉइडमध्ये तुम्ही तो कधीच मान्य केला आहे. एकूण टी-४ सोडून फ्री टी-४ मागवता, कारण तिथेही वाहक प्रथिन कमी-जास्त झालं की एकूण आकडा फसवतो. कॉर्टिसॉलच्याच बाबतीत उलट बाजू तुम्हाला पाठ आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर इस्ट्रोजेनमुळे सीबीजी वाढतं आणि एकूण कॉर्टिसॉल फुगतं. म्हणून गोळ्या थांबवून मग तपासणी करायला तुम्ही सांगता. वाढलेलं प्रथिन आकडा फुगवतं हे ज्याला माहीत आहे, त्याला कमी झालेलं प्रथिन आकडा पाडेल हे सुचायला दुर्मीळ आजाराचं पुस्तक कशाला लागतं? २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. ज्यांच्या रक्तातली प्रथिनं घटलेली होती, त्यांतल्या जवळपास ४० टक्के रुग्णांचं एकूण कॉर्टिसॉल कमी भरलं, आणि त्यांच्या ग्रंथी मात्र ठीक काम करत होत्या. यकृताचा सिरॉसिस, लघवीतून प्रथिनं वाहून जाणारा मूत्रपिंडाचा आजार, असे रुग्ण तुमच्या वॉर्डात रोज असतात. म्हणजे माझा आजार दुर्मीळ असला तरी माझ्या रिपोर्टची गफलत दुर्मीळ नाही.

दुसरी तक्रार जास्त दुखणारी आहे. खरं निदान झाल्यावर मी पुन्हा एका जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि आनंदानं म्हणाले, "म्हणजे तुमचं कॉर्टिसॉल नॉर्मल आहे! चला, काही नाही झालेलं." पंधरा वर्षांनी मी परत तिथेच येऊन उभी राहिले. आधी आकडा चांगला म्हणून थकवा खोटा होता, मग आकडा वाईट म्हणून तो खरा झाला, आणि आता मोकळा आकडा चांगला निघाला म्हणून परत खोटा.

तो खोटा नाही, याची नोंद आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या एका मूळ इटालियन कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ माणसांचं कुटुंब. त्यांतल्या कुणाच्या एका, कुणाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. दोन्ही प्रती गेलेल्यांचं सकाळचं कॉर्टिसॉल १.८ च्या खाली होतं, माझ्यासारखंच. एकच प्रत गेलेल्या १४ प्रौढांपैकी १२ जणांना कारण न सापडणारा थकवा होता, रक्तदाबही अनेकांचा खूप खाली. वर्षभर आधी, २००० मध्ये, फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी याच जनुकातला दुसरा बिघाड थकवा आणि कमी रक्तदाब असलेल्या एका बाईत नोंदवला होता. त्याला सीबीजी लिऑन असंच नाव पडलं. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी माझ्यासारखा थकवा येतो आणि कुणीतरी तो खरा मानून मोजला, एवढ्यानंही मला धीर आला.

थकवा नेमका का येतो, हे विज्ञानाला अजून सिद्ध करता आलेलं नाही. सीबीजी हे नुसतं ओझं वाहणारं प्रथिन नसावं, इतकं कळलेलं आहे. जिथे सूज किंवा संसर्ग असतो तिथे पांढऱ्या पेशींतून निघणारं एक विकर हे प्रथिन कापतं आणि कॉर्टिसॉल नेमकं त्या जागी सुटतं. अंगात ताप असला तरी त्याची पकड सैल होते. गरजेच्या ठिकाणी पोचवणारी ही व्यवस्थाच ज्याच्याकडे नाही, त्याचं शरीर रोजच्या झिजेला कसं तोंड देत असेल, याचा विचार संशोधक करत आहेत. औषध नाही. स्टेरॉइडनं फायदा होतो असं ठामपणे दिसलेलं नाही, माझा अनुभवही तोच.

आणि हेही लपवत नाही की सगळ्यांना थकवा येतोच असं नाही. माझ्या धाकट्या भावाच्याही दोन्ही प्रती माझ्यासारख्याच गेलेल्या आहेत. त्याचं कॉर्टिसॉल माझ्याहून कमी आहे. तो तीन एकर द्राक्षबाग एकट्यानं बघतो, छाटणीच्या दिवसांत पहाटे पाचला जातो आणि अंधार पडल्यावर परततो. लहानपणापासून घरात एकच वाक्य, "त्याच्याकडे बघ." तपासणीचा कागद आला तेव्हा मला वाटलं, आता हे वाक्य थांबेल. उलट एका डॉक्टरांनीच ते पुन्हा उच्चारलं: "भावाला काही होत नाही, मग तुम्हालाच कसं?" डॉक्टर, एकाच घरातल्या दोन माणसांचा मधुमेह तुम्ही सारखा धरता का? भाऊ ठणठणीत आहे याचा मला आनंद आहे. त्याचं ठणठणीत असणं माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरू नका. तो स्वतःही आता असं कुणाला बोलू देत नाही.

आईबद्दल लिहायचं टाळत होते, पण तिच्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. तिची एकच प्रत बिघडलेली आहे. ती दुपारी उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि दोन मुठी निवडून झाल्या की मागे भिंतीला डोकं टेकवायची, डोळे उघडे ठेवून, कारण मिटले तर आजी म्हणायची, "झाली हिची झोपायची वेळ." त्या भिंतीवर, तिचं डोकं टेकायचं तिथे, तेलाचा गोल डाग पडला होता. दर दिवाळीला चुना दिला की तो जायचा आणि होळीपर्यंत परत उमटायचा. तिला उभ्या आयुष्यात आळशी हे एकच निदान मिळालं, आणि ते सासरच्यांनी केलं. कुठलाच डॉक्टर ते खोडायला आला नाही.

आता मागणं.

एखाद्या रुग्णाचं एकूण कॉर्टिसॉल फार खाली आलं, पण एसीटीएच नॉर्मल आहे, क्षार नॉर्मल आहेत आणि माणूस समोर धडधाकट बसलेला आहे, तर जन्मभराची गोळी लिहिण्याआधी लाळेतलं किंवा लघवीतलं मोकळं कॉर्टिसॉल बघा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर थांबू नका, तिथे आधी स्टेरॉइडच द्यायचं असतं, हे तुम्हाला माझ्यासारखीनं सांगायला नको. पण मी अत्यवस्थ नव्हते. माझ्याकडे आठवडाभर वेळ होता. सीबीजीची थेट तपासणी आमच्या शहरातल्या एकाही लॅबच्या दरपत्रकात मला सापडली नाही. लाळेची मात्र नमुना मोठ्या शहरात पाठवून होते, आणि एमआरआयपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

घराण्याची चौकशी करा. आई कशी होती, मामा कसे आहेत, कुणाचा रक्तदाब कायम खाली असतो का, आईवडिलांचं लग्न नात्यातलं का. मामाच्या मुलीशी लग्नं होणाऱ्या मुलखात तुम्ही डॉक्टरकी करता. नात्यातल्या लग्नाचा प्रश्न बालरोगतज्ज्ञ विचारतात, मग माणूस मोठं झालं की तो का गळतो?

लॅबवाल्यांना माझी छोटी विनंती आहे, आणि ती तुमच्या शब्दानं लवकर पोचेल. कॉर्टिसॉलच्या रिपोर्टखाली एक ओळ छापावी की हा आकडा एकूण कॉर्टिसॉलचा आहे आणि वाहक प्रथिनांनुसार बदलतो. थायरॉइडच्या रिपोर्टखाली ते अर्धं पान सूचना छापतातच.

प्राध्यापकांना विनंती की हा आजार परीक्षेत विचारला नाही तरी चालेल. पण एकूण आणि मोकळं हा धडा कॉर्टिसॉलच्या प्रकरणात शिकवा. आणि समोरच्या विद्यार्थ्याला एक वाक्य म्हणायला शिकवा: "कारण मला सापडलेलं नाही, पण तुम्ही थकता हे मला दिसतंय." हे वाक्य मला फक्त एकदा ऐकायला मिळालं, त्या हार्मोनतज्ज्ञ बाईंकडून, आणि त्या दिवशी मी त्यांच्या खोलीतून बाहेर येताना भिंत धरली नव्हती.

फाइलवर अँग्झायटी लिहिताना हात जरा आवरा. ज्या दिवशी खरंच तसं वाटेल त्या दिवशी जरूर लिहा, मानसिक आजाराची मला लाज नाही. पण काही सापडलं नाही म्हणून रिकामी जागा भरायला तो शब्द वापरू नका.

आणखी एक काम फक्त तुम्हीच करू शकता. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आजारांचे तीन गट आहेत, आणि तिन्ही उपचारांच्या हिशेबानं पाडलेले: एकदाच करायचा उपचार, दीर्घकाळचा पण तुलनेनं कमी खर्चाचा, आणि फार महागडा. उपचारच नाही अशा आजाराची माणसं या मांडणीत बसत नाहीत. मला पैसे नकोत. मला हवा आहे अर्ध्या पानाचा कागद, कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल असा: या बाईला असा आजार आहे, एकूण कॉर्टिसॉल कायम कमी येईल, त्यावरून घाबरू नये, थकवा हा या आजाराचा ज्ञात भाग आहे. अशा कागदासाठी सरकारी धोरण लागत नाही. तुमचं लेटरहेड आणि सही पुरते. माझ्या बाईंनी मला दिला आहे. तो मी लॅमिनेट करून आधार कार्डाशेजारी ठेवते. संस्थेच्या व्यवस्थापकांनाही एक प्रत दिली, तेव्हापासून मला दुपारी वीस मिनिटं मागच्या खोलीत पाठ टेकायची परवानगी आहे. सुट्टी, गोळी, बदली यांपैकी कशानंही माझं आयुष्य इतकं बदललं नाही जितकं या वीस मिनिटांनी.

येत्या मंगळवारी आई गुडघ्यांसाठी तुमच्यापैकी एका डॉक्टरांकडे येते आहे. वय ७१. मला रजा नाही, भाऊ सोबत असेल. तुम्ही विचाराल, बाकी काही त्रास? ती पदर सावरून म्हणेल, "काही नाही, जरासा थकवा." तिला घाई करू नका, डॉक्टर. जरासा म्हणजे किती, ते विचारा. तिला सांगायला थोडा वेळ लागेल.

आपली विश्वासू,
एक रोखपाल
जि. सांगली